कर्नलशी करार

पायथनमध्ये एका ओळीत 'नमस्कार' छापायला सांगा आणि तो प्रोग्राम लिनक्सवर, सिस्टीम कॉल टिपणाऱ्या एसट्रेस या साधनाखाली चालवून बघा. आधी शेकडो ओळी सरसर निघून जातात: पायथन स्वतःच्या लायब्ररी शोधतो, फाइली उघडतो, मेमरी मागून घेतो. अगदी शेवटाकडे एक ओळ येते. तिच्यात राइट या सिस्टीम कॉलचं नाव असतं, मग १ हा आकडा, मग ३४०, २४४, २५० असे अष्टमान आकडे एकामागोमाग एक, आणि कंसाच्या शेवटी २२. यातला १ म्हणजे स्टँडर्ड आउटपुट. ३४०, २४४, २५० हा यूटीएफ-८ मधला 'न'. 'नमस्कार' या शब्दात पायमोड आणि काना धरून सात कोडपॉइंट, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे एकवीस. ओळ संपवणाऱ्या चिन्हाचा आणखी एक. कंसाबाहेर बरोबरीच्या चिन्हापुढे पुन्हा २२ उमटतो. ते कर्नलचं उत्तर असतं: बावीसच्या बावीस बाइट स्वीकारले.

या पुस्तकाचा विषय ती एक ओळ आहे. तिच्या अलीकडे भाषा आहे, पलीकडे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल. भाषेतून त्या गाभ्यापर्यंत किती वाटांनी जाता येतं, प्रत्येक वाट कोणी आणि का घातली, आणि चुकीच्या वाटेने गेलं तर नेमकं काय मोडतं, हे मराठीत सविस्तर मांडायचं म्हणून हे लेखन हाती घेतलं.

प्रोग्राम कुठल्याही भाषेतला असो, त्याला आपल्या हिमतीवर फारसं काही करता येत नाही. आकडेमोड, तुलना, आपल्या वाट्याच्या मेमरीत मांडामांड, एवढंच. फाइल वाचायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, इतकंच काय पण स्वतःचं काम संपवायचं, तरी कर्नलकडे मागणी करावी लागते. सातबाऱ्यावर आपलं नाव असलं तरी आपण त्या उताऱ्यात खाडाखोड करू शकत नाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज जातो, तलाठी फेरफार नोंदवतो, मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो. सिस्टीम कॉल हा असा अर्ज आहे, आणि त्याची सक्ती प्रोसेसरमध्येच घडवलेली आहे. साध्या प्रोग्रामने हार्डवेअरला थेट हात घालायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर त्याला तिथेच थांबवून कर्नलला बोलावतो.

अर्जाचा नमुना जवळून बघण्यासारखा आहे. इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, राइटचा क्रमांक १ आहे. तो आरएएक्स या रजिस्टरमध्ये ठेवायचा. कुठे लिहायचं तो आकडा आरडीआयमध्ये, मजकूर मेमरीत जिथे आहे तो पत्ता आरएसआयमध्ये, किती बाइट ते आरडीएक्समध्ये. मग सिसकॉल ही सूचना. ती येताच प्रोसेसर अधिकाराची पातळी बदलतो आणि कर्नलने आधीच नेमून ठेवलेल्या पत्त्यावर उडी घेतो. कर्नल दिलेला पत्ता खरोखर या प्रोग्रामचा आहे का हे तपासतो, काम करतो, आणि उत्तर आरएएक्समध्ये ठेवून परत सोडतो. उत्तर उणे १ ते उणे ४०९५ यांच्यामध्ये असेल तर काहीतरी चुकलं असं समजायचं. जुन्या ३२ बिट लिनक्सवर हाच राइट ४ क्रमांकाचा आहे, ६४ बिट आर्म प्रोसेसरवर ६४ क्रमांकाचा. मॅकओएसवर चुकीची खूण आकड्याच्या चिन्हात नसतेच, ती कॅरी फ्लॅगमध्ये असते. ही रीत सत्तरच्या दशकातल्या पीडीपी-११ वरच्या युनिक्सपासून चालत आली आहे.

एवढं समजलं की बऱ्याच जणांना वाटतं, विषय संपला: क्रमांक पाठ करा, रजिस्टरं भरा, झालं. माझ्या मते खरा विषय इथून सुरू होतो. हे क्रमांक उद्याही हेच राहतील असं वचन कोणी दिलं आहे? दिलं असेल तर कोणाला? कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात एक करार असतो, आणि तो कुठल्या रेषेवर झाला आहे हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमने वेगवेगळं ठरवलं आहे. भाषा घडवणाऱ्याला ती रेषा ओळखावी लागते. या क्षेत्रातले बहुतेक मोठे घोटाळे रेषा चुकीच्या जागी धरल्यामुळे झाले आहेत, आणि पुस्तकभर मी हाच धागा हातात ठेवला आहे.

कल्पना जुनी आहे. मँचेस्टरमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस संगणकात एक्स्ट्राकोड नावाच्या सूचना होत्या. प्रोग्रामर त्या इतर सूचनांसारख्याच लिहायचा, पण त्या आल्या की ताबा यंत्रातच ठेवलेल्या राखीव रूटीनांकडे जायचा. पुढे मल्टिक्सने अधिकारांची वर्तुळं आखली. युनिक्सने यातलं हवं तेवढंच घेतलं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची युनिक्सची पहिली पुस्तिका काढली, तिचा दुसरा विभाग सिस्टीम कॉलचा होता, आणि त्यात तीस-पस्तीसच नोंदी होत्या. आजही लिनक्सच्या मॅन पानांचा विभाग २ म्हणजे सिस्टीम कॉल. पन्नासहून अधिक वर्षांत ती मांडणी बदललेली नाही. नोंदी मात्र साडेतीनशेच्या पुढे गेल्या आहेत.

१९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सी भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि एक गोष्ट कायमची ठरून गेली. सीमध्ये सिस्टीम कॉल हा साध्या फंक्शनसारखा दिसतो. रीड, राइट, ओपन असं नाव लिहायचं, कंसात माहिती द्यायची. आतलं रजिस्टरांचं काम सी लायब्ररीतला असेंब्लीचा चिमुकला तुकडा करतो. त्यामुळे सी ही ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलण्याची बोली झाली, आणि नंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक भाषेला, तिचा स्वतःचा स्वभाव कितीही वेगळा असला तरी, सीशी जुळवून घ्यावं लागलं. १९८८ च्या पॉझिक्स मानकानेही करार सीच्या फंक्शनांच्या पातळीवरच लिहिला. कर्नलच्या क्रमांकांबद्दल ते काहीच बोलत नाही.

महाराष्ट्रात माझ्या पिढीची या विषयाशी ओळख मात्र युनिक्समधून झाली नाही. ती एमएस-डॉसमधून झाली. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या संगणकांवर टर्बो सी असायचं, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं हातोहात फिरायची. 'रायटिंग टीएसआर्स थ्रू सी' हे त्यांचं पुस्तक तर सरळ या विषयाच्या गाभ्यातलं. डॉसची सेवा मागायची म्हणजे एएच रजिस्टरमध्ये क्रमांक ठेवून सोळामान २१ हा इंटरप्ट द्यायचा. माउस हवा असेल तर ३३. टर्बो सीने त्यासाठी इंट८६ नावाचं फंक्शन आणि रजिस्टरांचं एक युनियन दिलं होतं, टर्बो पास्कलमध्येही तशीच सोय होती. माउसचा बाण पडद्यावर उमटला की वर्गातल्या प्रत्येकाला यंत्र आपल्या मुठीत आल्यासारखं वाटायचं. ती मूठ खरीच होती, कारण डॉसवर कसलाच पहारा नव्हता. सोळामान बी८००० या पत्त्यावर थेट अक्षरं लिहिली की ती पडद्यावर दिसत. अर्ज करणं ही तिथे सोय होती, सक्ती नव्हती. त्या काळात शिकलेल्यांना सिस्टीम कॉल म्हणजे 'खालच्या पातळीची करामत' असं जे वाटत राहिलं, त्याचं मूळ इथे आहे. या पुस्तकाला ती समजूत मोडायची आहे.

आता आजच्या वाटांकडे येतो. पहिली वाट थेट कर्नलकडे जाते: सी लायब्ररी बाजूला ठेवून भाषेनेच रजिस्टरं भरायची. लिनक्सवर हे चालतं, कारण लिनक्सने करार कर्नलच्या सीमेवरच केला आहे. तिथे एकदा दिलेला क्रमांक आणि त्याचा अर्थ बदलत नाही, चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलमुळे मोडता कामा नये, आणि लिनस टोरवाल्ड्स या नियमाबाबत किती कठोर आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने ही वाट निवडली. तिच्या निर्मात्यांत केन थॉम्पसनही होते. या निवडीचा मोठा लाभ झाला: गोचा प्रोग्राम ही एकच फाइल, दुसऱ्या यंत्रावर उचलून ठेवली की चालते, तिथली सी लायब्ररी कुठली आहे याची फिकीर नाही.

पण गोने हीच रीत मॅकओएसवरही वापरली, आणि अ‍ॅपलने कर्नलच्या सीमेवर कधीच वचन दिलेलं नव्हतं. अ‍ॅपलचा करार लिबसिस्टीम या लायब्ररीशी आहे. तिच्या आतलं ते केव्हाही बदलू शकतात. २०१६ मध्ये मॅकओएस सिएरात त्यांनी वेळ विचारणाऱ्या कॉलचं आतलं वागणं बदललं. लिबसिस्टीममधून जाणाऱ्यांना काही कळलंही नाही. १.७ पूर्वीच्या गोने बांधलेले प्रोग्राम मात्र सिएरावर नीट चालेनात, ते पुन्हा बांधावे लागले. पुढे २०१८-१९ मध्ये गोने मॅकओएसवर मान तुकवली आणि लिबसिस्टीमचा रस्ता धरला. ओपनबीएसडी तर आणखी पुढे गेली: सिस्टीम कॉल लायब्ररीतल्या ठरलेल्या जागेवरूनच आला पाहिजे असा कर्नलचाच पहारा बसला, आणि एप्रिल २०२४ च्या ७.५ आवृत्तीत क्रमांक देऊन कुठलाही कॉल करू देणारं जुनं सार्वत्रिक फंक्शनच काढून टाकलं. विंडोजवरही करार डीएलएलशी आहे. कर्नलचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात आणि मायक्रोसॉफ्ट त्यांची हमी देत नाही.

गोच्या वाटेवरचा दुसरा प्रसंग मला अधिक शिकवणारा वाटतो. लिनक्स कर्नलच्या दृष्टीने वापरकर्त्याची ओळख प्रत्येक थ्रेडची वेगळी असते. पॉझिक्स म्हणतं, ओळख संपूर्ण प्रोसेसची एकच. ही तफावत भरून काढायचं काम सी लायब्ररी गुपचूप करते: एका थ्रेडने ओळख बदलायला सेटयूआयडी म्हटलं की ती बाकीच्या सगळ्या थ्रेडांना सिग्नल देऊन त्यांच्याकडूनही तोच कॉल करवून घेते. थेट कर्नलकडे जाणाऱ्या गोला हे मिळालं नाही. एका थ्रेडचे अधिकार उतरले आणि दुसरा अजून रूटच राहिला, तर सुरक्षेला भगदाडच. म्हणून २०१४ च्या अखेरीस गोने लिनक्सवर सेटयूआयडी चक्क बंद केलं, आणि सगळ्या थ्रेडांवर एकदम कॉल करण्याची स्वतःची यंत्रणा उभी करून २०२१ मध्ये परत आणलं. सी लायब्ररी म्हणजे कर्नलवरचं पातळ कवच, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. हे अर्धंच खरं आहे.

म्हणजे लायब्ररीतून जाणारी दुसरी वाट निर्धोक, असं मात्र नाही. पायथन, रूबी, रस्टची प्रमाण लायब्ररी, सगळे मुख्यतः तिथूनच जातात आणि तिच्या गतीला बांधले जातात. चालू थ्रेडचा क्रमांक सांगणारा गेटटीआयडी हा कॉल लिनक्समध्ये २००१ पासून आहे. जीलिबसी या सी लायब्ररीने त्याचं फंक्शन दिलं २०१९ मध्ये. मधली अठरा वर्षं जगभरचे प्रोग्रामर त्या एका आकड्यासाठी क्रमांक देऊन कॉल करत राहिले.

तिसरी वाट चालत्या प्रोग्राममधून परक्या लायब्ररीचं फंक्शन हाक मारून बोलावण्याची. व्हिज्युअल बेसिकमधलं डिक्लेअर, डॉटनेटमधलं डीएलएलइम्पोर्ट, २००६ मध्ये पायथन २.५ सोबत आलेलं सीटाइप्स, ही सगळी याच घराण्यातली. जावाने १९९७ मध्ये जेएनआय दिलं, पण त्यासाठी सीचा मधला थर लिहावा लागे. तो जाच जावा २२ ने मार्च २०२४ मध्ये संपवला. ही वाट सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत फसवी आहे, कारण समोरच्या फंक्शनला काय हवं हे भाषेला माहीत नसतं. तुम्ही सांगाल ते ती खरं मानते. सीटाइप्सला परतीचा प्रकार सांगितला नाही तर ते पूर्णांक गृहीत धरतं. ६४ बिट यंत्रावर फंक्शनने पत्ता परत दिला की त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. छोट्या चाचणीत पत्ता लहान निघाला तर सगळं सुरळीत चालतं, आणि खऱ्या कामात प्रोग्राम कोसळतो. अ‍ॅपलच्या आर्म प्रोसेसरांवर ओपनसारख्या, अनिश्चित संख्येने माहिती घेणाऱ्या फंक्शनला तिसरी माहिती स्टॅकवर लागते. साधं फंक्शन समजून ती रजिस्टरमध्ये पाठवली तर फाइलच्या परवानग्यांच्या जागी कचरा जातो, आणि फाइल तरीही बनते. अशा चुका कंपायलर पकडत नाही. त्या पकडायला करार वाचता यावा लागतो.

वाट कुठलीही धरा, एक प्रश्न सुटत नाही: कॉल अर्ध्यात असताना सिग्नल आला तर काय? रिचर्ड गॅब्रिएल यांनी १९९० च्या सुमारास लिहिलेल्या, 'वर्स इज बेटर' या शब्दांनी गाजलेल्या निबंधात एमआयटी आणि युनिक्स या दोन घराण्यांची तुलना केली, ती नेमकी याच मुद्द्यावर. एमआयटीकडे यंत्रणा प्रोग्रामला अलगद मागे नेऊन ठेवायची, म्हणजे कॉल पुन्हा पहिल्यापासून घडे. युनिक्सने सांगितलं, आम्ही व्यत्ययाची चूक कळवू, पुन्हा प्रयत्न तुम्ही करा. कर्नल सोपा झाला आणि ओझं प्रत्येक प्रोग्रामरच्या डोक्यावर आलं. पायथनने ते ओझं भाषेच्या अंगावर घेतलं २०१५ मध्ये, ३.५ या आवृत्तीत: सिग्नलचं काम सुरळीत पार पडलं की कॉल आपोआप पुन्हा केला जातो. त्याआधी लिहिलेल्या किती प्रोग्रामांत ही तपासणी राहून गेली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हे सगळं आज शिकायची निकड का वाढली, याचं कारण कंटेनर आहे. कंटेनरमधला प्रोग्राम आणि यजमान यंत्र यांच्यामध्ये एकच कर्नल असतो, म्हणून पहाराही सिस्टीम कॉलवरच बसतो. लिनक्समध्ये २०१२ पासून सेककॉम्पची गाळणी आहे; कुठला कॉल जाऊ द्यायचा आणि कुठला नाही, हे ती ठरवते. २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ ने थ्रेड सुरू करायला क्लोन३ हा नवा कॉल वापरायला घेतला. तो जमला नाही तर जुना क्लोन वापरायचा, अशी सोयही ठेवली, पण 'असा कॉल अस्तित्वातच नाही' हे उत्तर आलं तरच. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची जुनी गाळणी उत्तर देई, 'परवानगी नाही'. लायब्ररीने त्याचा अर्थ सरळ घेतला आणि थ्रेड सुरू करणंच सोडून दिलं. नव्या लिनक्स प्रतिमा जुन्या डॉकरवर धडाधड कोसळू लागल्या. चुकांच्या दोन क्रमांकांमधल्या फरकावर हे सगळं अवलंबून होतं, आणि ज्यांना कर्नलपर्यंतची वाट माहीत होती त्यांना एसट्रेसच्या एका ओळीत ते दिसलं.

दुसरं कारण किमतीचं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला आणि बचावासाठी कर्नलचे व प्रोग्रामचे मेमरी-पानांचे तक्ते वेगळे करावे लागले. सीमा ओलांडणं महाग झालं. मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आलेल्या आयओ-युरिंगने उलट्या बाजूने विचार केला: मागण्या सामाईक मेमरीतल्या रांगेत मांडायच्या, उत्तरं दुसऱ्या रांगेतून उचलायची, दर मागणीला सीमा ओलांडायची नाही. वेग मिळाला, पण सुरक्षेच्या काळजीने गूगलने २०२३ मध्ये आपल्या बऱ्याच ठिकाणी त्याला आवर घातला. त्याच २०१९ मध्ये जाहीर झालेलं, वेबअसेंब्लीसाठीचं वासी तर करारच नव्याने लिहू पाहतं: प्रोग्रामला कुठलीही फाइल मागता येत नाही, ज्या फोल्डरची किल्ली आधी हातात दिली तेवढंच उघडतं. हा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो. सीच्या बोलीपासून दूर जाऊन या सीमेचा विचार इथे पद्धतशीरपणे होत आहे.

या पुस्तकाने तीन भाषा निवडल्या आहेत: सी, पायथन आणि गो. सी, कारण करार तिच्यात लिहिलेला आहे. पायथन, कारण वाचकांपैकी बहुतेकांना ती येते. गो, कारण तिने लायब्ररी नाकारून बघितली. प्रत्येक प्रश्न तिन्ही भाषांत सोडवलेला आहे आणि प्रत्येक वेळी एसट्रेसमध्ये काय दिसतं ते छापलं आहे, म्हणजे तीन प्रोग्रामांचं सीमेवरचं वागणं शेजारीशेजारी ठेवून वाचता येईल. सी येत नसलं तरी चालेल. पॉइंटर आणि स्ट्रक्चर यांच्यापुरती ओळख सुरुवातीलाच करून दिली आहे. प्रोग्रामिंगची एक भाषा चांगली येत असावी आणि टर्मिनलची भीती नसावी, एवढी अपेक्षा आहे. विंडोजचा विचार तुलनेपुरताच येतो, आणि ड्रायव्हर लिहिण्याचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण तिथे आपण सीमेच्या पलीकडच्या बाजूला उभे असतो.

एक विनंती वाचण्याच्या रीतीबद्दल. कुठल्याही सिस्टीम कॉलचं मॅन पान उघडलं की त्यातला चुकांचा विभाग आधी वाचा, वर्णन नंतर. रीड काय करतो हे नावावरून कळतं. तो कधी मागितल्यापेक्षा कमी देतो, कधी व्यत्ययाची चूक देतो, शून्य परत आला तर त्याचा अर्थ काय, हे नावावरून कळत नाही. पुस्तकातले प्रयोग त्या क्रमानेच रचले आहेत: आधी कॉल मुद्दाम चुकवायचा, मग नीट करायचा. प्रयोगांसाठी एखादं आभासी यंत्र वेगळं ठेवा, आणि सेटयूआयडी व सेककॉम्पवरचे प्रयोग रोजच्या कामाच्या यंत्रावर करू नका.